ओठ कुठं ठेवू, मास्तर?

"मास्तर, नमस्कार. निपाणीजवळच्या गावातला आहे, वय २१. नाव छापू नका, बँडातली पोरं चिडवतील. वडिलांच्या बँडात चार वर्षं ट्रंपेट वाजवतोय. बोटांनी पिस्टन कसे दाबायचे ते चुलत्यांनी दाखवलं, ते क्लॅरनेट वाजवतात. बाकी सगळं ऐकून ऐकून. अडचण अशी, की वरातीत पहिला तासभर झकास वाजतं. नंतर वरचे सूर लागत नाहीत, नुसती हवा जाते. घरी येईपर्यंत वरच्या ओठावर लाल कडं उठलेलं असतं, सकाळी ओठ सुजलेला. चुलते म्हणतात, दाबून धर आणि हसल्यासारखं तोंड ताण. मोबाईलवर एक परदेशी मास्तर सांगतो, ओठाला लावायच्या वाटीत, म्हणजे माउथपीसमध्ये, दोन हिस्से वरचा ओठ आणि एक हिस्सा खालचा पाहिजे. आरशात बघितलं तर माझं बरोब्बर उलटं, आणि वर थोडं डाव्या अंगाला, कारण पुढचा एक दात वाकडा आहे. दात घासून घेऊ काय? ओठाची जागा बदलू काय? गणपती दीड महिन्यावर आलेत आणि बेळगावच्या एका मंडळाची विसर्जनाची सुपारी घेऊन बसलोय."

दाताचा विषय आधी मिटवू. घासलेला दात परत वाढत नाही. त्या दाताची कड धारदार असेल आणि ओठाला आतून कापत असेल, तर दातांच्या डॉक्टरला दाखव, काय करायचं ते तो ठरवेल. बँडातल्या कुणाच्या सांगण्यावरून कानस लावून घेऊ नकोस. माउथपीस डावीकडं सरकलाय यात तुझी चूक काहीच नाही. ओठांच्या मागं दातांची जी सपाट जागा सापडते, तिथं माउथपीस आपोआप जाऊन बसतो. बरोबर मधोमध वाजवणारे कमी, थोडे इकडं-तिकडं वाजवणारे जास्त. पुढंमागं दातांना तारा बसवून घ्यायच्या असतील तर त्या सुपाऱ्या नसलेल्या दिवसांत बसव. तारा लागताना आणि निघताना, दोन्ही वेळा ओठांना पुन्हा जागा शोधावी लागते.

आता दोन हिस्से वर की खाली. या भांडणाला दीडशे वर्षं होऊन गेली. पॅरिसच्या आर्बा मास्तरांनी १८६४ साली कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटचा आखूड भाऊ, शिकवायचा मोठा ग्रंथ काढला, आजही जगभरचे ट्रंपेटवाले त्यावरच रियाज करतात. त्यात त्यांनी माउथपीस दोन हिस्से खालच्या ओठावर आणि एक हिस्सा वरच्यावर ठेवायला सांगितलंय. म्हणजे तुझ्यासारखं! पुढं सेंट जॅकोम नावाच्या दुसऱ्या मास्तरनं आपल्या ग्रंथात लिहिलं, की सगळे शिक्षक दोन हिस्से वरचा ओठ म्हणतात, एकटे आर्बांच तेवढे उलटं सांगतात. दोघंही नावाजलेले. आज बहुतेक शिक्षक वरचा ओठ थोडा जास्त किंवा अर्धा-अर्धा ठेवायला सांगतात, आणि कोरा विद्यार्थी आला तर मीही तिथूनच सुरुवात करतो. पण चार वर्षं वाजवलेल्या माणसाचा ओठ मिलिमीटर मोजून हलवायचा नसतो. ओठाची जाडी, दातांची रांग, खालचा जबडा किती मागं, हे ज्याचं त्याचं वेगळं असतं.

जागेबद्दल एकच गोष्ट मी हट्टानं सांगतो. माउथपीसची कड वरच्या ओठाच्या नुसत्या लाल भागावर टेकता कामा नये. लाल भाग नाजूक असतो, त्याच्या वरच्या कातडीखाली स्नायूचा आधार असतो. कडेचा भार त्या आधारावर पडला पाहिजे आणि लाल भाग आत मोकळा थरथरला पाहिजे. बघायची सोपी रीत आहे. किल्ल्यांची गोल कडी घे, साधारण माउथपीसच्या कडेएवढी. आरशासमोर नेहमीच्या जागी ओठावर टेकव आणि आतून फुंकून ओठ थरथरव. कडीच्या आत वरच्या ओठाची लाली पुरती दिसत असेल तर जागेची काळजी सोड. कडी लालीच्या मधूनच जात असेल तर तुझ्या लाल कड्याचं अर्धं कारण तिथंच सापडलं, मग माउथपीस थोडा वर सरकवावा लागेल. तो कधी सरकवायचा, ते पुढं सांगतो.

पण तुझ्या पत्रात मला दुसरंच दिसतंय. जागा साफ चुकलेली असती तर पहिल्या पाच मिनिटांतच सूर फाटला असता. तुझा तासभर चांगला जातो, म्हणजे ओठांना काम येतंय. तासानंतर त्यांच्यावर काय होतं ते बघ. ट्रंपेटमध्ये सूर ओठांच्या उघडझापीतून निघतो. ४४० हर्ट्झचा सूर असेल तर ओठ सेकंदाला ४४० वेळा उघडतात-मिटतात. दमलेला वादक वरच्या सुरासाठी काय करतो, तर वाद्य तोंडावर दाबतो. दाबल्यानं ओठ पातळ होतो, ताणला जातो, आणि सूर लागतोही. म्हणून तर सवय पडते. पण कड आणि दात यांच्यामध्ये चिरडलेल्या ओठात रक्त नीट फिरत नाही, तो बधिर होतो, सुजतो. सुजलेला ओठ थरथरायला आणखी जड, म्हणून आपण आणखी दाबतो. तुझं सकाळचं सुजणं आणि ते लाल कडं हा त्याचाच हिशेब आहे. थोडीफार खूण प्रत्येकाच्या ओठावर उमटते आणि थोड्या वेळात जाते. तुझी रात्रभर राहते, तिथं बिघडलंय.

चुलत्यांचा राग धरू नकोस. त्यांचा सल्ला त्यांच्या वाद्याचा आहे. क्लॅरनेटला रीड, म्हणजे बोरूची पातळ पट्टी, असते. थरथरायचं काम रीड करते आणि ओठ तिला फक्त पकडून ठेवतात. त्यामुळं घट्ट पकड, ताठ तोंड, हे त्यांच्याकडं चालून जातं. तुझ्या वाद्यात रीड बसवलेलीच नाही, तुझे ओठच रीड आहेत. थरथरणारी वस्तूच ताणून बांधली तर ती थरथरणार कशी? हसल्यासारखं तोंड केलं की ओठ पातळ होऊन दातांवर चिकटतात, कडेखालची गादी जाते आणि सूर किनरा, टोचणारा होतो. एकेकाळी साहेबाच्या देशातही असंच शिकवायचे, आता बहुतेकांनी सोडलंय.

त्याऐवजी ओठ मधल्या बाजूला गोळा कर, बटव्याची नाडी ओढल्यावर तोंड जसं चहूबाजूंनी आत येतं तसं. 'म' म्हणताना ओठ जसे सहज मिटतात तिथून सुरुवात. दात मात्र मिटायचे नाहीत, वरच्या-खालच्या दातांत करंगळीचं टोक जाईल एवढी फट ठेव. खालचा जबडा किंचित पुढं आण, म्हणजे खालचे दात वरच्या दातांच्या रेषेत येतील आणि कडेचा भार दोन्ही ओठांवर वाटला जाईल. ओठांचे दोन्ही कोपरे घट्ट, मधला भाग मऊ, हे सगळ्यात महत्त्वाचं. हनुवटी सपाट राहिली पाहिजे. हनुवटीचा गोळा होऊन ती वर चढत असेल तर खालचा ओठ आत ढकलला जातोय असं समज. ट्रंपेट जमिनीला समांतरच धरलं पाहिजे असा काही कायदा नाही. वरचे दात जास्त पुढं असतील तर घंटा, म्हणजे वाद्याचं पुढचं पसरट तोंड, थोडी खाली झुकते, झुकू दे. वरातीत सगळ्यांनी एका उंचीवर धरलेलं फोटोत छान दिसतं एवढंच.

दाब ओळखायला एक खूण आहे. उजव्या हाताची करंगळी तू कुठं ठेवतोस? वरच्या नळीवरच्या त्या आकड्यात अडकवतोस ना? तो आकडा एका हातानं वाद्य धरून पान उलटताना कामाला येतो. एरवी वरचा सूर आला की करंगळी त्यातून वाद्य तोंडाकडं खेचते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. उद्यापासून रियाजात करंगळी आकड्याच्या वर नुसती टेकवून ठेव. वजन डाव्या हातानं पेल. पहिले आठ-दहा दिवस वरचे दोन-तीन सूर गायब होतील. घाबरू नकोस. दाबावर उभे असलेले सूर ते, दाब गेल्यावर जाणारच. त्यांच्या जागी कोपऱ्यांची ताकद येते, पण ती हळूहळू. दाब अगदी शून्य कधीच होत नाही, हवा निसटू नये एवढा लागतोच. ट्रंपेट दोरीला टांगून हात न लावता वाजवायच्या करामतीही काही जण दाखवतात. बघायला मजा, रियाज म्हणून त्यात वेळ घालवू नकोस.

मग वरचा सूर दाबाशिवाय येतो कुठून? बेळगावात कॅम्पकडं गेलास तर मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातला बिगूल कधीतरी कानावर पडेल. त्या बिगुलाला पिस्टन नसतो. वाजवणारा जवान एकाच नळीतून खालचे-वरचे पाच सूर काढतो, ते सगळे ओठ आणि हवेच्या जोरावर. तुझ्या ट्रंपेटमध्येही एकही पिस्टन न दाबता तेच सूर आहेत. खालच्या सुरापासून वर जाताना तोंडातली जीभ 'आ'च्या जागेवरून 'ई'च्या जागेकडं चढव. जीभ वर आली की हवेची वाट अरुंद होते आणि हवा वेगानं जाते. ओठांमधली फट तेवढ्यानं बारीक होते. पोट आत ओढून हवेला मागून रेटा मिळाला पाहिजे. खांदे उचलून घेतलेला श्वास वरच्या वर राहतो. मेनार्ड फर्ग्युसन हा कॅनडाचा वादक उंच सुरांसाठी जगभर गाजला. तो १९६०च्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडं आंध्रातल्या ऋषी व्हॅली शाळेत शिकवायला होता, आणि योगातल्या श्वसनाचा आपल्याला फायदा झाला असं सांगायचा. तुझ्या गावात कुणी प्राणायाम शिकवत असेल तर चार दिवस जाऊन बस, तोटा होणार नाही.

रियाज असा ठेव. सकाळी आधी नुसता माउथपीस, तीन-चार मिनिटं, बारीक आवाजात वर-खाली सायरनसारखा सूर. मग वाद्य लावून मधल्या पट्टीत लांब सूर, अगदी हळू. हळू वाजवताना ओठ थरथरायचा थांबत असेल तर तुला ओठांऐवजी जोरावर वाजवायची सवय आहे, हे तिथल्या तिथं कळतं. त्यानंतर पिस्टन न दाबता खालचा सा, पंचम, वरचा सा, परत खाली, मध्ये जीभ न मारता, म्हणजे जिभेनं हवा न तोडता. तेच मग दुसरा पिस्टन दाबून, मग पहिला, मग पहिला-दुसरा, असं अर्ध्या-अर्ध्या सुरानं तिन्ही पिस्टनपर्यंत खाली उतरत जा. जितका वेळ वाजवशील तितकाच वेळ मध्ये ओठ सोडून बस. श्रावणात लग्नं नाहीत, घरी दोन वेळा अर्धा-अर्धा तास सहज निघेल. गाण्यांच्या तालमी त्याच्यानंतर.

गाल फुगतात का ते तू लिहिलं नाहीस, पण वरातीत वाजवणाऱ्याचे फुगतातच. अमेरिकेतल्या डिझी गिलेस्पी या ट्रंपेटवाल्याचे गाल बेडकासारखे फुगायचे आणि तरी तो थोर होता, हा दाखला प्रत्येक शिष्य देतो. त्यानं केलं म्हणून तू करू नकोस. गाल फुगले की कोपरे सैल पडतात.

आता तीन गोष्टी, ज्या परदेशी मास्तर मोबाईलवर सांगणार नाही. पहिली मिशी. मिशीचे केस कडेखाली येत असतील तर कड घसरते आणि आपण घसरू नये म्हणून दाबतो. वरच्या ओठाच्या लगतचे केस कातरून घे, मिशीची ऐट तशीच राहील.

दुसरी तंबाखू. तू निपाणीकडचा, तंबाखूच्या मुलखातला, तुला मी काय सांगायचं? रात्रीच्या वरातीत झोप येऊ नये म्हणून खालच्या ओठात चिमूट धरणारे वादक मी खूप बघितलेत. चुना-तंबाखू जिथं धरतात, खालचा ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या त्या खोबणीतच, बाहेरून माउथपीसची खालची कड टेकते. आतली त्वचा आधी खरबरीत होते, मग पांढरे चट्टे येतात. सुपारीचा मावा-गुटखा असेल तर पुढं तोंड उघडणंच कमी होत जातं. कॅन्सर वगैरे डॉक्टर सांगतीलच. वादक म्हणून बघितलं तरी ज्या ओठावर पोट आहे त्यालाच आपण आतून भाजत असतो. तू खात नसशील तर उत्तम. बँडातल्या पोरांना हा भाग वाचून दाखव.

तिसरी, एकमेकांचा माउथपीस वापरणं. ओठावर पुळ्या उठलेल्या माणसाचा माउथपीस दुसऱ्यानं लावला की त्यालाही उठतात. आपला खिशात ठेवायचा आणि रोज कोमट साबणपाण्यानं धुवायचा. वरचा चांदीचा मुलामा उडून खालचं पितळ दिसत असेल तर तो बदल किंवा मुलामा चढवून घे. उघडं पितळ काहींच्या ओठाला चावतं, आणि लाल कडं त्यामुळंही येऊ शकतं.

विसर्जनाचं म्हणशील, तर बेळगावची मिरवणूक रात्रभर रस्त्यावर असते आणि कपिलेश्वर तलावापर्यंत पोचायला किती वेळ लागेल हे गणपतीच जाणे. एवढा वेळ एका ट्रंपेटनं मुखडा ओढायचा नसतो. वडिलांशी आताच बोलून ठेव. मुखडा क्लॅरनेटनं घ्यावा, ट्रंपेटनं मधले तुकडे आणि शेवटची उठावणी घ्यावी. दुसरा ट्रंपेटवाला असेल तर दोन गाणी एकानं, दोन दुसऱ्यानं. आवाज वाढवायचं काम लाउडस्पीकरवर सोड. ढोल-ताशाच्या वर जायच्या नादात ओठ फाटतात. पट्टीही बघ, गायकाच्या मूळ पट्टीत वाजवलंच पाहिजे असं कुणी मंडळवाला म्हणत नाही, एक-दोन सूर खाली आणलंस तर नाचणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. मध्ये पाणी पीत राहा. वाजवून झाल्यावर लगेच वाद्य पेटीत टाकू नकोस, पाच मिनिटं खालचे सूर हळू वाजव आणि मग ओठाला कापडात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाणी लाव.

ओठात एकदम कळ आली, दुसऱ्या दिवशीही बधिरपणा राहिला, किंवा आधी घट्ट असलेल्या कोपऱ्यातून अचानक हवा निसटायला लागली, तर त्या दिवशी वाजवणं बंद. सुपारी कितीची आहे ते बघू नकोस. ओठाभोवतीचा गोल स्नायू फाटू शकतो. लुई आर्मस्ट्राँगसारख्या जगप्रसिद्ध ट्रंपेटवाल्याला ओठांच्या दुखण्यानं वाद्य खाली ठेवून बसायची वेळ आली होती, आणि त्याच्या टोपणनावावरून या दुखण्याला डॉक्टर सॅच्मो सिंड्रोम म्हणतात. अशा वेळी डॉक्टरला ओठ दाखवताना मी ट्रंपेट वाजवतो हे आधी सांग, नाहीतर तो मलम देऊन पाठवेल.

जागा बदलायची की नाही? गणपतीपर्यंत नाही. आता फक्त दाब कमी करायचा, कोपरे घट्ट करायचे, हसणं सोडायचं. एवढ्यानं तासाचा दीड तास झाला तर जागेला हातच लावू नकोस, दोन हिस्से खाली ठेवून आर्बांच्या पंगतीत बस. किल्लीच्या कडीनं जागा लालीवर दाखवली, तरच अनंत चतुर्दशीनंतर बदलायला घे. तिथून तुळशीच्या लग्नापर्यंत जवळजवळ दोन महिने मिळतात. दसरा-दिवाळीच्या सुपाऱ्या दुसऱ्याला दे, कारण नवी जागा आणि जुनी जागा एकाच आठवड्यात वाजवली तर दोन्ही बिघडतात. आणि ते काम आरशासमोर एकट्यानं करू नकोस. लष्करी बँडातून निवृत्त झालेले ब्रासवाले बेळगावात आहेत, कॅम्पात चौकशी कर. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलास तर आणखी सापडतील. मुंबईच्या सिनेमात ट्रंपेट घुमवणारा चिक चॉकलेट तिकडच्याच आल्दोन्याचा. महिन्यातून दोनदा जरी कुणी समोर बसून तुझे कोपरे बघितले तरी पुरे.

माउथपीसवर काय कोरलंय ते तू लिहिलं नाहीस. बहुतेक वाद्याबरोबर मेरठच्या कारखान्यातून आलेलाच असेल. '७ सी' या मापाच्या नंबराचा किंवा त्याच्या आसपासचा, आतून साधारण सव्वासोळा मिलिमीटर रुंद असेल तर ठीक आहे. वरचे सूर सोपे होतील म्हणून कुणी उथळ वाटीचा विकायला आला तर घेऊ नकोस, सुजलेला ओठ त्या वाटीच्या तळाला टेकतो आणि सूरच बंद पडतो. नंबर कळव, आणि कडीनं काय दिसलं तेही.